ई-मेलमधील दुव्याचे लेखन : एका सीमाचिन्हाचा इतिहास

मोडी कागद वाचावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अक्षरांची ओळख तुलनेने लवकर होते. त्यास दीर्घकाळ अडवून धरते ती पदच्छेदाची अडचण. कारकून प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढी आणि तिच्या आधाराने अक्षरे लिहीत जाई. शब्द कोठे संपला आणि पुढचा कोठे सुरू झाला हे सांगणारी मोकळी जागा त्यात नसे, विरामचिन्हेही नसत. लिहिणाऱ्यास आणि त्याच्या समकालीन वाचकास ही उणीव जाणवत नव्हती, कारण भाषा व व्यवहार दोघांच्याही अंगवळणी पडलेले होते. दोनशे वर्षांनंतरचा वाचक मात्र त्याच ठिकाणी अडखळतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हाच प्रश्न अगदी वेगळ्या क्षेत्रात पुन्हा उपस्थित झाला. ई-मेलच्या मजकुरात वेबवरील एखाद्या पानाचा पत्ता लिहावयाचा, तर तो कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे कसे दाखवावे? हा पत्ता वाचणारे दोन असतात. एक माणूस, तो आशयावरून अंदाज करू शकतो. दुसरे यंत्र, त्यास आशय कळत नाही, केवळ चिन्हे कळतात. या दोघांनाही एकाच वेळी समजेल असे लेखन कसे करावे, याविषयी गेल्या तीन दशकांत अनेक नियम झाले, काही रूढ झाले, काही विस्मृतीत गेले. प्रस्तुत लेखात त्या नियमांचा क्रम मांडून असे दाखवावयाचे आहे की, दुव्याच्या लेखनाचा इतिहास हा सीमा दाखविण्याच्या युक्तींचा इतिहास आहे; आणि ज्या युक्तीने ही सीमा व तिच्या आतील पत्ता वाचकाच्या दृष्टीआड केला, तिने सोय पुष्कळ दिली, परंतु पत्ता पडताळून पाहण्याचे व तो जपून ठेवण्याचे सामर्थ्य वाचकाच्या हातून काढून घेतले. इतिहासाच्या अभ्यासकास यांपैकी दुसरी हानी अधिक जाचक ठरणार आहे.

१. ओळीची लांबी

या विषयाचा प्रारंभ वेबच्या कितीतरी आधी होतो. ई-मेलची ओळ किती लांब असावी, हे ठरविणाऱ्या गोष्टी टपालाशी थेट संबंध नसलेल्या होत्या. आयबीएम कंपनीने १९२८ मध्ये प्रचारात आणलेल्या छिद्रपत्रावर ८० स्तंभ होते. पुढे पडद्यांवरील ओळही बहुधा ८० अक्षरांचीच राहिली. १९६३ मध्ये आलेल्या ‘मॉडेल ३३’ या टेलिटाइप यंत्राच्या कागदावर एका ओळीत ७२ अक्षरे उमटत. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी दोन संगणकांमध्ये पहिला संदेश धाडला तेव्हा, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, संदेश म्हणजे अशा यंत्रांवर वाचावयाचा साधा मजकूर होता.

ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तांत्रिक टिपणांच्या मालेत ८२१ व ८२२ क्रमांकांची दोन टिपणे प्रसिद्ध झाली. पहिले जॉन पोस्टेल यांचे. त्यात टपाल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे न्यावे हे सांगितले असून ओळीची कमाल लांबी १००० अक्षरांची ठेविली होती. दुसरे डेव्हिड क्रॉकर यांचे. त्यात संदेशाचे स्वरूप वर्णिले होते. यंत्राची मर्यादा हजाराची असली तरी माणसाची सवय सत्तरीची होती, आणि या दोन मर्यादांमधील अंतर हेच पुढील बहुतेक अडचणींचे मूळ होय. ऑक्टोबर १९९५ मध्ये सॅली हॅम्ब्रिज यांनी जाळ्यावरील शिष्टाचारांचे जे टिपण तयार केले (आरएफसी १८५५), त्यात ओळ ६५ अक्षरांहून कमी ठेवावी आणि तिच्या शेवटी ओळ मोडावी असा सल्ला आहे. एप्रिल २००१ मधील आरएफसी २८२२ ने हा व्यवहार नियमबद्ध केला : ओळ ९९८ अक्षरांहून लांब असूच नये, आणि शक्यतो ७८ अक्षरांहून लांब असू नये.

गद्याची ओळ मोडल्याने अर्थ बिघडत नाही. पत्त्याची ओळ मोडली की पत्ताच उरत नाही. हा भेद १९९० पूर्वी कोणास जाचला नाही, कारण सत्तर अक्षरांत न मावणारा पत्ता तोवर कोणी लिहीतच नव्हते.

२. लपून राहावयाचा पत्ता उघड्यावर येतो

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हानजीकच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि ६ ऑगस्ट १९९१ रोजी एका चर्चासमूहावर तिची जाहीर ओळख करून दिली. त्यांच्या योजनेत पत्ता हा यंत्राच्या कामाचा भाग होता. वाचकाने शब्दावर बोट ठेवावे आणि पान उघडावे. मध्ये पत्ता कोणता हे त्यास पाहावे लागू नये, अशी ती योजना होती. पत्त्यातील दोन तिरप्या रेघा वस्तुतः अनावश्यक होत्या, असे त्यांनी २००९ मध्ये मान्य केले. हजारो लोक ही चिन्हे हाताने लिहितील व तोंडाने सांगतील, अशी अपेक्षा असती तर त्या रेघा कदाचित आल्याही नसत्या.

परंतु वेबची वार्ता पसरली ती वेबवरून नव्हे. ज्यांस ती कळवावयाची ते सारे ई-मेलवर व चर्चासमूहांवर होते, आणि तेथे साधा मजकूर एवढेच साधन होते. त्यामुळे जो पत्ता शब्दामागे दडून राहावयाचा, तो पत्राच्या ओळीत उघडा लिहिला जाऊ लागला. तो लिहिला जाताच लेखनाचे सर्व जुने प्रश्न त्यास येऊन भिडले : वाक्य संपताना पूर्णविराम द्यावा की न द्यावा, पत्ता कंसात घातल्यास मिटणारा कंस पत्त्याचा की वाक्याचा, आणि ओळ संपत आली तर काय करावे.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. पूर्णविराम, स्वल्पविराम, साधा कंस व संयोगचिन्ह ही सर्व पत्त्याच्या आतही वैध आहेत. तेव्हा पत्त्याला चिकटलेला पूर्णविराम वाक्याचा आहे असे माणूस सहज ओळखतो. यंत्रास तसे मानण्यास तत्त्वतः कोणताही आधार नाही.

३. टोकदार कंसाची शिफारस

डिसेंबर १९९४ मध्ये बर्नर्स-ली, लॅरी मासिंटर व मार्क मॅककहिल यांच्या नावाने आरएफसी १७३८ प्रसिद्ध झाले. वेबच्या पत्त्याची, म्हणजे ‘यूआरएल’ची, रचना त्यात सांगितलेली आहे. बहुतेक वाचक त्याकडे रचनेच्या व्याकरणासाठी वळतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे छोटेसे परिशिष्ट. पत्ता साध्या मजकुरात लिहावयाचा झाल्यास कसा लिहावा, याचा विचार तेथे केलेला आहे.

परिशिष्टाचा आशय थोडक्यात असा. पत्त्यास सभोवतालच्या मजकुरापासून, विशेषतः त्याला लागून येणाऱ्या विरामचिन्हांपासून, वेगळे करणारे वेष्टन असावे. त्यासाठी टोकदार कंस, म्हणजे ‘<’ आणि ‘>’ ही चिन्हे वापरावीत, आणि उघडणाऱ्या कंसानंतर ‘यूआरएल’ ही तीन रोमन अक्षरे व अपूर्णविराम लिहावा. हे वेष्टन पत्त्याचा भाग नव्हे. पत्ता लांब असल्यास कंसाच्या आत ओळ मोडण्यास हरकत नाही. पत्ता काढून घेणाऱ्याने मधली रिकामी जागा सोडून द्यावी.

ही चिन्हे निवडण्यास कारण होते. आरएफसी ८२२ मध्ये व्यक्तीचे नाव आधी आणि तिचा टपालपत्ता टोकदार कंसात, अशी रीत अगोदरच सांगितलेली होती. ई-मेल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना ती जोडी सवयीची होती. शिवाय आरएफसी १७३८ ने हीच चिन्हे पत्त्याच्या आत जशीच्या तशी येऊ नयेत असे ठरविले, आणि कारण दिले ते हेच की, मुक्त मजकुरात ती पत्त्याची कुंपणे म्हणून वापरली जातात. कुंपणासाठी वापरावयाची वस्तू शेतात उगवू द्यावयाची नाही, असा हा विवेक होता. साधा कंस पत्त्याच्या आत येऊ शकतो, म्हणून त्याचे कुंपण कच्चे. विकिपीडियावरील ज्या पानांच्या नावांत स्पष्टीकरणाचा कंस असतो, त्यांचा पत्ता ई-मेलमधून उघडताना शेवटचा कंस गळून पडल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. त्याचे कारण येथे सापडते.

याच परिशिष्टात संयोगचिन्हाविषयी एक सूचना आहे, आणि मुद्रणाच्या इतिहासाचा परिचय असलेल्या वाचकास ती विशेष रोचक वाटेल. पत्त्यातील संयोगचिन्हानंतर ओळ मोडू नये, असे तेथे बजावले आहे. कारण काही जुळारी व मुद्रक ओळ मोडताना स्वतःच्या सवयीने संयोगचिन्ह घालतात. मग ओळीच्या अखेरीस दिसणारे चिन्ह पत्त्याचे की जुळाऱ्याचे, हे कळावयास मार्ग उरत नाही. खिळ्यांच्या जुळणीतील कित्येक शतकांची रीत आणि तीन वर्षांचा वेबपत्ता यांची ही प्रत्यक्ष गाठ आहे. नवे लेखन जुन्या हातांनीच लिहिले जाते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या शिफारशीचे पुढे काय झाले? ऑगस्ट १९९८ मधील आरएफसी २३९६ ने कंसांची शिफारस कायम ठेविली, परंतु ‘यूआरएल’ हा उपसर्ग व्यवहारात फारसा आढळत नाही अशी नोंद केली. जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९८६ ने तो उपसर्ग आता सुचविला जात नाही असे स्पष्ट म्हटले, आणि अवतरणचिन्हे, टोकदार कंस किंवा नुसती रिकामी जागा यांपैकी काहीही सीमा दाखविण्यास चालते असे मानले. मात्र ज्या पत्त्यात ओळ मोडावी लागते त्यासाठी कंसांचीच शिफारस विशेषत्वाने केली. दहा वर्षांच्या या तीन टप्प्यांवरून मानकाचे खरे स्वरूप दिसून येते. लिहिणाऱ्यांनी जे श्रम नाकारले ते मानकाने सोडून दिले; ज्या श्रमाची गरज प्रत्यक्ष भासत होती तेवढे राखले.

४. यंत्राचा अंदाज आणि आखूड पत्ता

लिहिणारे कंस घालीत नाहीत हे दिसून आल्यावर टपाल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने उलट मार्ग धरला. मजकुरात पत्त्यासारखे काही दिसले की ते स्वतःच ओळखावयाचे आणि त्यास दुव्याचे रूप द्यावयाचे. सीमा दाखविण्याचे काम लिहिणाऱ्याकडून काढून वाचणाऱ्या यंत्राकडे गेले. यंत्राचे नियम अंदाजाचे होते : शेवटचा पूर्णविराम सोडून द्यावा, उघडलेला कंस आत नसेल तर मिटलेला कंस सोडून द्यावा, ओळ संपली की पत्ता संपला असे समजावे. यांपैकी शेवटचा नियम सर्वांत घातक ठरला. पाठविणाऱ्याच्या यंत्राने ७२ अक्षरांवर ओळ मोडली की, घेणाऱ्याच्या यंत्रास पत्त्याचा केवळ पूर्वार्ध दुवा म्हणून दिसे. क्लिक करणाऱ्यास ‘पान सापडत नाही’ एवढेच उत्तर मिळे, आणि दोष कोठे आहे हे त्यास कळत नसे.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. पहिला मानकांचा. ऑगस्ट १९९९ मध्ये रँडॉल गेलेन्स यांनी आरएफसी २६४६ द्वारे अशी पद्धती मांडली की, यंत्राने सोयीसाठी मोडलेल्या ओळीच्या अखेरीस एक रिकामी जागा असावी आणि खऱ्या परिच्छेदाच्या अखेरीस ती नसावी. म्हणजे वाचणाऱ्या यंत्रास तुटलेल्या ओळी पुन्हा सांधता येतील. गद्यास ही युक्ती उत्तम लागू पडते. परंतु सांधताना ती रिकामी जागा मजकुरात शिल्लक राहते, आणि पत्त्यात रिकामी जागा चालत नाही. फेब्रुवारी २००४ मधील सुधारित टिपणात (आरएफसी ३६७६) ही जागा वगळण्याची सोय केली गेली; ती मुख्यतः शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या भाषांसाठी होती.

दुसरा उपाय लोकांनी काढला. पत्ता ओळीत मावत नाही ना, तर पत्ताच आखूड करावा. जानेवारी २००२ मध्ये केविन गिल्बर्टसन यांनी ‘टायनीयूआरएल’ ही सेवा सुरू केली, ती संदेशांत मोडणाऱ्या लांबलचक पत्त्यांना कंटाळून. लांब पत्ता त्या सेवेकडे द्यावयाचा, तिने दोन-तीन शब्दांएवढा पर्यायी पत्ता द्यावयाचा, आणि वाचकाने तो उघडताच त्यास मूळ ठिकाणी पोहोचवावयाचे. ट्विटरवरील १४० अक्षरांच्या मर्यादेमुळे अशा सेवांचे पुढे पेव फुटले.

ओळीचा प्रश्न यातून सुटला; त्याबदल्यात दोन नवे निर्माण झाले. आखूड पत्त्यावरून तो कोठे नेणार आहे हे वाचकास मुळीच कळत नाही. शिवाय मूळ पान जागेवर असूनही मधली सेवा बंद पडली तर दुवा निरर्थक होतो. २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणीसंस्थेने त्या देशाच्या नावाखालील अशी एक सेवा स्थानिक कायद्याशी विसंगत ठरवून बंद पाडली. गूगलने २००९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या सेवेतून नवे पत्ते देणे २०१९ मध्ये थांबविले, आणि वापरात नसलेले जुने पत्ते ऑगस्ट २०२५ पासून चालणार नाहीत असे जाहीर केले. ‘वापरात नसलेले’ हा निकष अभिलेखाच्या दृष्टीने विचारात घ्यावा. दफ्तरातील जो कागद पन्नास वर्षे कोणी उघडला नाही, तोच नेमका संशोधकाच्या उपयोगाचा असतो.

५. शब्दामागे गेलेला पत्ता

जून १९९२ मध्ये नथॅनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची पद्धती प्रसिद्ध केली, आणि ई-मेलमध्ये साध्या मजकुराखेरीज चित्रे, ध्वनी व सजविलेला मजकूर पाठविणे शक्य झाले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एचटीएमएल स्वरूपातील पत्रे प्रचारात आली, तेव्हा बर्नर्स-ली यांची मूळ योजना टपालातही अवतरली : दिसावयास शब्द, मागे पत्ता. ओळीची लांबी, पूर्णविराम, कंस हे सारे प्रश्न एका फटक्यात निकालात निघाले.

या सोयीस कमी लेखणे योग्य होणार नाही. अंध वाचक पडद्यावरील मजकूर यंत्राकडून ऐकतो. त्याच्या दृष्टीने उघडा लिहिलेला शंभर अक्षरांचा पत्ता म्हणजे निरर्थक चिन्हांची माळ. वेबच्या मानकसंस्थेने मे १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत दुव्याचे शब्द त्याचे गंतव्य स्पष्ट करणारे असावेत असे सांगितले, आणि नुसते ‘येथे क्लिक करा’ असे लिहिण्यास विरोध केला, तो याच कारणाने. अर्थपूर्ण शब्दांमागे दुवा ठेवणे ही सुधारणा आहे, यात शंका नाही.

परंतु दिसणारा शब्द आणि मागचा पत्ता यांचा परस्परसंबंध केवळ लिहिणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहिला. बँकेचा पत्ता दिसावयाचा आणि क्लिक करताच भलतेच ठिकाण उघडावयाचे, ही फसवणूक साध्या मजकुराच्या पत्रात करता येत नव्हती. तेथे जे दिसे तेच उघडे. लिहिलेले एक व अभिप्रेत दुसरे, अशी फट एचटीएमएल पत्राने निर्माण केली. ‘फिशिंग’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या प्रकाराने तिचा पुरेपूर लाभ घेतला. त्यावर उपाय म्हणून अनेक संस्थांच्या टपालव्यवस्था येणाऱ्या पत्रातील प्रत्येक पत्ता बदलून आपल्या तपासणीच्या यंत्रातून वळवितात. म्हणजे सावध वाचकाने पत्ता पाहण्याचा यत्न केला, तरी त्यास मूळ पत्त्याऐवजी तपासनिसाचा लांबलचक पत्ता दिसतो. संरक्षणासाठी उभारलेल्या भिंतीने खिडकीही बुजविली.

अभिलेखाची हानी याहून शांतपणे होते. आपल्याकडील पुष्कळ कार्यालयांत व विभागांत महत्त्वाचा ई-मेल छापून फाइलला लावण्याची रीत आहे. ज्या पत्रात पत्ता उघडा लिहिलेला असेल, तो कागदावर उतरतो. मोडलेला असला तरी त्याचे दोन्ही तुकडे कागदावर असतात आणि ते सांधता येतात. ज्या पत्रात ‘सोबतचा अहवाल येथे पाहावा’ एवढेच निळ्या अक्षरांत लिहिलेले असेल, त्याच्या छापील प्रतीत ‘येथे’ हा शब्द तेवढा उरतो. कोठे, याचे उत्तर त्या फाइलमधून कायमचे नाहीसे झालेले असते. कसर लागलेल्या पानावर निदान भोक दिसते. येथे पान अखंड दिसते आणि आतील माहिती गेलेली असते.

ज्यांना १९९० च्या दशकातील ई-मेल मूळ स्वरूपात, म्हणजे संगणकीय धारिकांमधून, वाचावयाचे आहेत त्यांस आणखी एका गोष्टीची जाण हवी. माइम पद्धतीतील एका लेखनप्रकारात ओळ ७६ अक्षरांवर मोडून अखेरीस बरोबरचे चिन्ह (=) घातले जाते, आणि मजकुरातील खऱ्या बरोबरच्या चिन्हाऐवजी ‘=३डी’ लिहिले जाते. पत्त्यांत हे चिन्ह वारंवार येते. त्यामुळे मूळ धारिकेतून जसाच्या तसा उतरविलेला पत्ता चुकीचा असतो. सुदैवाने ही मोडतोड नियमबद्ध आहे, म्हणून ती पूर्णतः दुरुस्त करता येते. माणसाने किंवा जुन्या यंत्राने मनमानेल तशी मोडलेली ओळ मात्र अंदाजानेच सांधावी लागते. पाठचिकित्सेत लेखकाचा प्रमाद आणि नकलनवीसाचा प्रमाद वेगळे करावे लागतात. येथेही तोच विवेक चालवावयाचा आहे.

६. मराठी लेखनातील विशेष अडचणी

आतापर्यंतच्या इतिहासात रोमन लिपी गृहीत धरलेली होती. मराठीत ई-मेल लिहिणाऱ्यापुढे तीन निराळ्या अडचणी येतात.

पहिली अडचण लांबीची. पत्त्याची मूळ रचना मोजक्या रोमन चिन्हांचीच असल्यामुळे देवनागरी अक्षर त्यात घालावयाचे झाल्यास त्याचे संकेतांक टक्केचिन्हासह लिहावे लागतात. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, आणि प्रत्येक बाइटास तीन अक्षरे लागतात. ‘म’ या एका अक्षराचे ‘%ई०%ए४%एई’ असे नऊ चिन्हांचे रूप होते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काना व हलन्तचिन्हे धरून दहा घटक आहेत. पत्त्यात त्याची ९० चिन्हे होतात. रोमन लिपीत जो शब्द ११ अक्षरांत बसतो तो देवनागरीत लिहिताच ई-मेलच्या ७८ अक्षरांच्या ओळीत मावेनासा होतो. मराठी विकिपीडियावरील पानाचा पत्ता पाठविणाऱ्यास मिळणारी ती टक्केचिन्हांची न संपणारी रांग हा दोष नव्हे. १९९४ मधील वर्णमालेची ती मर्यादा आहे. जानेवारी २००५ मधील आरएफसी ३९८७ ने सर्व लिपींतील पत्त्यांना मान्यता दिली, आणि ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी अंत्यनामही उपलब्ध झाले. तरीही पत्ता ओळखणारी कित्येक सॉफ्टवेअरे अक्षर व मात्रा यांना भिन्न वर्गांत टाकतात. देवनागरीत उघडा लिहिलेला ‘महाराष्ट्र’ त्यांच्या हिशेबी पहिल्या कान्यापाशीच, म्हणजे ‘मह’ येथे, संपतो.

दुसरी अडचण पूर्णविरामाची. हिंदीने वाक्याच्या अखेरीस दंड राखला. मराठीने एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजी विरामचिन्हे स्वीकारली आणि दंडाच्या जागी टिंब आले. पत्त्याच्या अखेरीस दंड आला तर तो पत्त्याचा मूळ भाग नाही हे निदान दिसून येते. टिंब मात्र पत्त्याच्या आतही असते आणि वाक्याच्या अखेरीही. इंग्रजी लिहिणाऱ्याची डोकेदुखी त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याच्या वाट्यास जशीच्या तशी आली.

तिसरी अडचण खास मराठीची आणि सर्वांत दुर्लक्षित. आपण विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामास जोडून लिहितो. ‘पुण्याला’, ‘विद्यापीठात’, ‘स्थळावर’ या सवयीने पत्त्यासही ‘वर’, ‘वरून’, ‘ला’ जोडले जातात. इंग्रजीत शब्दयोगी नामाआधी सुटे येत असल्यामुळे १९९४ च्या परिशिष्टाने विरामचिन्हांचा विचार केला. प्रत्ययांचा विचार करण्याचे तेथे कारणच नव्हते. सर्व लिपींना पत्त्यात मान्यता मिळाल्यानंतर तर पत्त्यास चिकटलेला ‘वर’ हा पत्त्याचाच अंश आहे असे यंत्राने मानणे अगदी नियमास धरून आहे. म्हणजे लिपीची अडचण दूर करणाऱ्या सुधारणेनेच ही व्याकरणाची अडचण तीव्र केली.

७. समारोप

वरील विवेचनावरून जी लेखनपद्धती निष्पन्न होते ती नवी नाही. १९९४ च्या परिशिष्टात तिचा गाभा आहेच. पत्ता शक्यतो स्वतंत्र ओळीवर लिहावा. वाक्यात लिहावयाचा झाल्यास तो टोकदार कंसात घालावा, आणि विरामचिन्ह कंसाबाहेर ठेवावे. मराठीत प्रत्यय पत्त्यास न जोडता ‘या पत्त्यावर’, ‘या पानावरून’ असे नाम मध्ये घालून त्यास जोडावा. शब्दामागे दुवा ठेवावयाचा असल्यास ते शब्द पानाचे नाव सांगणारे असावेत, आणि पत्राच्या अखेरीस मूळ पत्ता उघडा लिहून ठेवावा. म्हणजे ऐकणाऱ्याची सोय आणि छापून ठेवणाऱ्याची गरज दोन्ही भागतात. आखूड पत्ता दिलाच, तर शेजारी मूळ पत्ताही द्यावा. पान कोणाचे, कशाविषयीचे आणि कोणत्या दिवशी पाहिले हे चार शब्दांत लिहावे, कारण पत्ता मेला तरी त्या वर्णनावरून पान अन्यत्र शोधता येते.

हे नियम क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु विभागातील संशोधनाचा पत्रव्यवहार आज जवळजवळ पूर्णतः ई-मेलने चालतो. कोणते साधन कोणी कोणास दाखविले, कोणत्या प्रतीवरून वाद झाला, कोणता मसुदा कोठे ठेवला होता, हे उद्याच्या अभ्यासकास त्याच पत्रांतून कळावयाचे आहे. मोडी लिहिणाऱ्या कारकुनास पुढील शतकांतील वाचकाची कल्पना असणे शक्य नव्हते, म्हणून त्यास दोष देता येत नाही. आपणांस ती कल्पना आहे. पत्त्याच्या दोन बाजूंस दोन कंस घालण्याचे श्रम आपण टाळले, तर पदच्छेदाची जी अडचण आपण रोज सोसतो तीच पुढच्यांच्या पदरी आपण जाणूनबुजून घातली असे होईल.